शिंपलीचं अर्धं चित्र

१

शिफा सकाळी ब्रश धूत होती, तेवढ्यात फोनवर मेसेज आला.

'शिंपलीला काल संध्याकाळी बिबट्यानं नेलं. तरी तू ये. चित्र अर्धं ठेवू नकोस.'

पाठवणाऱ्या प्रतिभाबाई. शाळेत शिफाला त्यांनी विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर आणि नवरा गेल्यावर त्या निमगाव सावाच्या शिवारात, उसाच्या कडेला बांधलेल्या घरात एकट्याच राहत. एकट्या म्हणजे शिंपलीबरोबर. शिंपली ही त्यांची पांढरीशुभ्र, निळ्या डोळ्यांची पर्शियन मांजर. मुलगी रत्नानं आईला सोबत म्हणून पुण्याहून आणून दिलेली, वंशावळीच्या कागदासकट.

मांजरांची चित्रं काढून पोट भरतं, हे जुन्नरात अजून कुणाला पटत नव्हतं. "माणसांना काय तोंडं नाहीत?" शिफाची आजी ताजबी दर आठवड्याला विचारायची. पण पुण्या-मुंबईची माणसं आपल्या उंची जातीच्या मांजरांची चित्रं शिफाकडून काढून घेत. कुणाला मांजर शिवनेरीच्या दरवाजात हवं असे, कुणाला नाणेघाटातल्या रांजणाशेजारी, तर कुणाला थेट समुद्रकाठी. मांजराला समुद्र कशाला, असं शिफानं धंद्यात कधी विचारलं नव्हतं.

प्रतिभाबाईंना मात्र विचारलं होतं. त्यांना शिंपली समुद्रातल्या किल्ल्याच्या तटावर बसलेली हवी होती. लग्नानंतर नवऱ्याबरोबर त्यांनी असाच एक तट पाहिला होता. "लाटा अशा काढ पोरी," त्या म्हणाल्या होत्या, "की बघितल्यावर आवाज आला पाहिजे."

शिफानं पिशवी भरली. अर्धं चित्र, पेन्सिली, आणि तिचा नेहमीचा छोटा गोल आरसा. मांजर हवं तिकडं बघावं म्हणून ती आरशानं उन्हाचा कवडसा पाडायची. इतर मांजरांना किल्ल्या वाजवल्या तरी चालायचं, शिंपलीला कवडसाच लागे.

बेल्ह्याच्या बाजूनं आत वळल्यावर रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस होता, डोक्याहून उंच. शिफानं स्कूटी इतकी जोरात हाणली की खड्डे मोजायलाही सवड नव्हती. पात सळसळली की तिच्या मानेवर काटा यायचा. वारा आहे, ती स्वतःला सांगत राहिली. थंडीत ऊसतोड सुरू झाली की बिबटे एका फडातून दुसऱ्या फडात जातात, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

गेटवर तिनं हॉर्न दिला. प्रतिभाबाई पडवीत पाठमोऱ्या बसल्या होत्या. हलल्या नाहीत. तिनं पुन्हा हॉर्न दिला. मग ती चालत जवळ गेली आणि तिची सावली फरशीवर पडली, तेव्हा बाई दचकून वळल्या. धक्का बसलाय, शिफाला वाटलं.

पडवीच्या पांढऱ्या फरशीवर रक्त वाळलं होतं. त्यात पांढऱ्या केसांचे झुबके चिकटले होते. अंगणात रत्नाची लाल गाडी उभी होती, डिकी उघडी, आत दोन बॅगा.

"आलीस ते बरं झालं," बाई म्हणाल्या. "अंधार पडायच्या आत रत्ना मला पुण्याला घेऊन जातेय. कायमची. आज हे घर बंद होतंय."

२

रत्ना बाहेर आली. चाळिशीची, नीटनेटकी बाई. पण डोळे रात्रभर न झोपल्यासारखे तांबारलेले.

"काय झालं ताई?" शिफानं विचारलं.

"मी इथंच उभी होते. शिंपली त्या कठड्यावर. आई आत देवळीत दिवा... नाही, आत काहीतरी करत होती. तेवढ्यात शेजारच्या जानकूभाऊंनी बिबट्या पळवायला फटाके वाजवले. रोजचेच. शिंपली इतकी घाबरली, टुणकन उडी मारून उसाच्या तोंडाशी गेली. आणि मग..." तिनं ओठ आवळले. "तो तिला तोंडात धरून पडवीपर्यंत आला, मला बघून वळला आणि गेला. आता सांग, आईला इथं ठेवू? आज मांजर नेलं, उद्या?"

बोलताना ती सारखी घराच्या मागे बघत होती. मागं कांद्याची चाळ होती, बांबूच्या पट्ट्यांची, हिरवी जाळी लावलेली. कांदा कधीच विकून झाला होता, चाळ रिकामी.

स्वयंपाकघरात मंगल भाकरी थापत होती. ती गावातून येऊन बाईंचा स्वयंपाक करायची.

"म्या न्हवते तवा," ती म्हणाली. "ताईंनी येताना कोंबडी आणलेली, तिचं कालवण करून मी उजेडातच घरला पळाले. पर आज पहाटं आले ना, तर रडणं ऐकलं. चाळीच्या अंगाला, उसात. बिबट्याचं पिल्लू हाय तिथं. आय जवळच आसंल. मी न्हाई जायची तिकडं, सोन्याचं ताट दिलं तरी!"

"कसलं रडणं?" दारात उभ्या प्रतिभाबाई म्हणाल्या. त्यांची नजर मंगलच्या तोंडावर खिळली होती. "मला नाही काही ऐकू आलं."

"तुमी गाढ झोपला आसाल, बाई."

बाई पडवीकडं वळल्या. शिफानं हात धुवायला मोरीकडं पाऊल टाकलं आणि तिथंच थबकली. मोरीच्या कोपऱ्यात शिंपलीच्या शी-शूसाठी वाळू भरलेलं निळं टोपलं असायचं. त्या जागी फक्त टोपल्याच्या बुडाचा ओला चौकोन उरला होता.

बांधापलीकडं जानकूभाऊ ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. शेजारी म्हणून बरे, तोंडानं फटकळ.

"फटाकं मीच वाजिवलं, खोटं कशाला बोलू," ते म्हणाले. "रोज दिवेलागणीला वाजिवतो. सुतळी बॉम्ब. लई दणका! आता त्यानं मांजर बिथारलं, तर माझा काय गुन्हा राव?"

"तुम्हाला ती आवडत नव्हती ना भाऊ? कोंबडीची पिल्लं खाते म्हणायचात."

"म्हणायचो की! अन् कापसाचा बोळा पण म्हणायचो तिला. म्हणून काय मी तिला खाल्ली?" ते हसले, पण लगेच गंभीर झाले. "पोरी, तू बी सांज व्हायच्या आत निघ. पिल्लू रडतंय चाळीमागं, मी सोता ऐकलंय. फॉरेस्टवाल्यांनी काय सांगितलंय ठाऊक हाय ना? पाठ दावायची न्हाई, वाकायचं न्हाई. वाकलेलं माणूस त्याला शेळी वाटतंय. पिल्लाजवळ जायचं तर नावच नको."

"तुम्ही बिबट्या पाहिलात काल?"

"मी न्हाई पाहिला. पर पिल्लू रडतंय म्हंजी हाय की."

परत येताना शिफाला ऊस आपल्याकडं बघतोय असं वाटलं. बिबट्या मांजर नेईल, हे समजण्यासारखं होतं. पण तो मोरीतलं वाळूचं टोपलं कशाला नेईल?

३

दुपार कलायला लागली. रत्ना गाडीत सामान भरत होती. घरातली भांडीकुंडी, फोटो, बाईंची पुस्तकं. प्रत्येक खेप गेली की घर थोडं पोकळ व्हायचं. प्रतिभाबाई खुर्चीत बसून ते नुसतं बघत होत्या.

शिफानं चित्र काढून मांडीवर घेतलं. तट झाला होता, शिंपलीचं अंग झालं होतं. समुद्र कोराच होता. आणि कोऱ्या समुद्रावरून एक वेडीवाकडी रेघ उजव्या कोपऱ्यापर्यंत धावत गेली होती. खोडायची राहून गेलेली.

ही रेघ कधी ओढली गेली?

तिला आठवलं.

मागच्या खेपेला. ती इथंच बसली होती, शिंपली समोर कठड्यावर पंजा चाटत होती. तेवढ्यात बांधापलीकडं सुतळी बॉम्ब फुटला. शिफाच्या हातून पेन्सिल सुटली, कागदावरून घसरत गेली. झाडावरची वटवाघळं उडाली. शिंपलीनं मात्र पंजा चाटणं थांबवलं नव्हतं. कानसुद्धा हलवला नव्हता.

किल्ल्या वाजवून ती कधी वळत नसे. कवडसाच लागे. आणि भूक लागली की ती घर डोक्यावर घेईल अशी ओरडायची, कारण आपला आवाज केवढा आहे, हे तिला समजतच नव्हतं. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत असं पुष्कळदा असतं. शिफानं या धंद्यात अशी दोन-तीन पाहिली होती.

शिंपली ठार बहिरी होती. फटाक्यांनी ती घाबरणं शक्यच नव्हतं.

म्हणजे रत्नाताईनं जे पाहिलं म्हणून सांगितलं, ते घडलंच नव्हतं. रक्त कालवणाच्या कोंबडीचं असणार, केस शिंपलीला विंचरायच्या फणीतले. बिबट्या आला नव्हता. शिफाला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उसातल्या जनावराची भीती निदान समजते तरी. ही भीती घरात बसून कुणीतरी आपल्या हातानं तयार केली होती.

तेवढ्यात आवाज आला. लांब, चिरका, लहान मूल गळा काढतं तसा. चाळीकडून.

स्वयंपाकघरातून मंगल धावत आली आणि तिनं शिफाचं मनगट पकडलं. "आयकलं? पिल्लू! जाऊ नका तिकडं!"

शिफानं प्रतिभाबाईंकडं पाहिलं. आवाज पुन्हा आला, पहिल्याहून मोठा. पाच हातांवर बसलेल्या बाईंनी मानही वळवली नाही. त्या शांतपणे रत्नाकडं बघत होत्या.

हॉर्न. पिल्लाचं रडणं. फोन न करता मेसेज. ज्याच्या त्याच्या ओठांवर खिळलेली नजर. आणि आवाज येईल अशा लाटा.

शिफा उठली आणि गाडीपाशी गेली. बाईंसमोर आवाज खाली ठेवायची गरज नव्हती, हे तिला आता कळलं होतं.

"ताई, शिंपली चाळीत आहे. टोपलंही तिथंच आहे. तुम्ही ठेवलंत. ती फटाक्यांना घाबरून पळाली म्हणालात ना? ती बहिरी आहे. जन्मापासून."

रत्नाच्या हातातली फोटोची फ्रेम डिकीच्या कडेवर आपटली.

"बहिरी?" ती कुजबुजली. "मीच आणली होती ना तिला. मला कुणी सांगितलं नाही."

"का केलंत?"

"कारण मला झोप लागत नाही!" रत्ना एकदम फुटली. "रोज बातमी वाचते, आंबेगावात अमुक, जुन्नरला तमुक. आई ऐकत नाही. म्हटलं, एकदा तिला भीती बसली की येईल. शिंपलीला मैत्रिणीकडं ठेवणार होते, मग हळूहळू सांगितलं असतं. काल चाळीत कोंडली आणि ती ओरडायला लागली. मला वाटलं, संपलं, आता आई उठून चाळीकडं जाणार. मी चहाचा कप धरून बसले होते. आई समोर. टीव्ही बंद. शिंपली जीव तोडून ओरडतेय..." तिनं तोंडावर हात ठेवला. "आणि आई मला विचारते, साखर कमी झाली का गं? शिफा, तिला ऐकू येत नाही. कधीपासून येत नाही? नेहमी व्हिडिओ कॉल करते, मला वाटायचं, माझं तोंड बघायला. मी खोटी भीती दाखवायला गेले आणि काल रात्री खरी माझ्याच उशाशी येऊन बसली. ऐकू न येणारी बाई, एकटी, उसाच्या कडेला! आता तूच सांग, तिला इथं सोडू?"

खरं सांगितलं, तर बाईंचं घर वाचणार होतं. आणि बाई?

शिफा वळली. पडवीतली खुर्ची रिकामी होती.

४

सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता. चाळीपाशी प्रतिभाबाई उभ्या होत्या. नाही, उभ्या नव्हत्या. दाराला गुंडाळलेली तार सोडवायला त्या खाली वाकल्या होत्या. पाठ उसाकडं.

शिंपलीचं ओरडणं थांबलं होतं.

चाळीच्या हिरव्या जाळीवर, खालच्या अंगाला, उभे ओरखडे होते. जाळी फाटून बांबूच्या पट्ट्यांवरची सालं निघाली होती. मऊ मातीत पंजे उमटले होते, मोठे, नखं न उमटलेले. रात्रभरच्या त्या ओरडण्यानं माणसं लांब गेली होती. सगळेच लांब गेले नव्हते.

मग उसातून आवाज आला. करवत लाकडात अडकावी तसा, खोल, दोनदा.

"आई!" रत्ना किंचाळली. "आई, मागं!"

बाई तार सोडवत राहिल्या.

बांधावरची पात दुभंगली आणि ते डोकं बाहेर आलं. पिवळं, सपाट, अगदी निवांत. ओरडून उपयोग नव्हता. धावावं तर मधलं अंगण लांब होतं, आणि बाई वाकलेल्या होत्या. वाकलेलं माणूस त्याला शेळी वाटतं.

तिचा हात पिशवीत गेला. आरसा. तिनं तो मावळत्या उन्हापुढं धरला. कवडसा आधी छपरावर उडाला, मग मातीत, मग बाईंच्या बोटांवरून जाळीवर गेला आणि तिथं नाचायला लागला, पिवळाजर्द.

बाईंचे हात थांबले. त्यांनी कवडशाकडं पाहिलं, जशी शिंपली पाहायची. तो कुठून आला, हे बघायला मान वळवली. शिफा एका हातानं त्यांच्यामागं दाखवत होती.

प्रतिभाबाई सरळ उभ्या राहिल्या आणि वळल्या.

बिबट्या आणि त्या, मध्ये एक वाफा. बाई पळाल्या नाहीत. त्यांनी पदर दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला आणि वर्गातल्या आवाजात ओरडल्या, "चल! नीघ!"

त्याच क्षणी बांधापलीकडं जानकूभाऊंचा सुतळी बॉम्ब फुटला. रत्नाची किंकाळी ऐकून त्यांनी हाताला लागला तो पेटवला होता. पात हलली, मिटली. बांधावर काही उरलं नाही.

रत्ना धावत जाऊन आईच्या गळ्यात पडली. चाळीच्या आत, सगळ्यात वरच्या फळीवर, शिंपली अंग फुगवून बसली होती. जिवंत.

पडवीत आल्यावर बाईंनी रत्नाला समोर बसवलं, तोंड उजेडात येईल असं.

"फटाक्यांना घाबरून पळाली म्हणालीस, तेव्हाच मला कळलं," त्या म्हणाल्या. "शिंपलीला ऐकू येत नाही, हे मी पहिल्या आठवड्यात ओळखलं. मी पाय आपटला की फरशीच्या हादऱ्यानं येते ती. आम्ही दोघी सारख्याच ना."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलं असतंस, तुला कसं कळलं. मग माझ्या कानांचा विषय निघाला असता." बाईंनी शिफाकडं पाहिलं. "हिला ठाऊक होतं, कवडसा पाडायची ती. म्हणून बोलावली. म्हटलं, ही बोलेल. आणि कान गेले की डोळे राखण करतात. दिवसभर तू चाळीकडं किती वेळा पाहिलंस! पण उसाकडं बघायचं माझंच राहिलं."

मंगल दाराआडून डोळे पुसत होती.

"तुला भीती वाटते, एवढंच सांगायचंस," बाई रत्नाला म्हणाल्या. "मीही तेच सांगायला हवं होतं. मलाही वाटते गं. दिवस मावळला की भिंतीला पाठ लावून बसते मी."

रत्नानं गाडीतल्या बॅगा त्या संध्याकाळी उतरवल्या. ती आठवडाभर राहिली. वनखात्यानं चाळीमागं पिंजरा लावला. जानकूभाऊंनी आपला ऊस आधी तोडायला लावला आणि घराभोवतालचा पट्टा मोकळा केला. "कापसाच्या बोळ्यासाठी," ते म्हणाले, "बाईंसाठी न्हाई काय." नारायणगावला कानाच्या डॉक्टरकडं जायला बाई तयार झाल्या, एका अटीवर: मशीन बसवून निभलं तर घर राहील; नाही निभलं, तर त्या स्वतः बॅग भरतील, कुणाला मांजर पळवावं लागणार नाही.

शिफानं ती वेडीवाकडी रेघ खोडली नाही. तिच्यावरूनच लाट चढवली. तटावर आदळून फुटणारी, शिंपलीच्या डोक्यापेक्षा उंच. शिंपली तिच्याकडं पाठ करून निवांत पंजा चाटत होती.

चित्र घेऊन ती गेली, तेव्हा ऊस गेलेल्या रानात ऊन पसरलं होतं. गेटवर तिनं सवयीनं हॉर्न दिला आणि पडवीतल्या प्रतिभाबाईंनी दोन्ही कानांवर हात दाबले.

"अगं हो, आले! केवढ्यानं वाजवतेस!"

त्यांनी चित्र कठड्याला टेकवून ठेवलं. कानामागची मशीन बोटानं चाचपली. बराच वेळ बघत राहिल्या. शिंपली येऊन त्यांच्या पायाशी बसली.

"छान आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "पण लाट जरा मोठ्यानं काढलीस पोरी."